अण्णा सोडून सगळे झोपले

माझ्या हातच्या झोपेच्या औषधाने आजवर तेरा माणसं, एक गाय आणि बहुधा एक वानर गाढ झोपलेलं आहे. ज्यांच्यासाठी ते औषध केलं होतं, ते अण्णा तेवढे टक्क जागे राहिले.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. बनारसला पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर आहे, आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा-श्राद्धं सांगत आमच्या सहा पिढ्या इथेच गेल्या. सातवी पिढी म्हणजे मी. मी बँकेत लागलो. (यावर अण्णा मला कधी काही बोलले नाहीत. पण कोणी विचारलं की "दत्ता खुर्चीवर बसतो" एवढंच सांगतात आणि विषय बदलतात.) घरात माझी बायको सुनीता आहे, मूळची नागपूरची, आणि मुलगी मुक्ता, ती विद्यापीठात बीएस्सी करते. मुक्ता वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते. मधे कुठे गाडी बदलते ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

आई चैत्रात गेली. त्यानंतर अण्णांची झोप गेली.

ते रडले नाहीत, चिडले नाहीत, जेवण सोडून बसले नाहीत. फक्त बोलणं कमी झालं आणि रात्री झोपणं बंद झालं. नऊला अंथरुणावर पडायचे, दहाला उठून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि पहाटे साडेतीनला पंचा खांद्यावर टाकून गंगेवर निघायचे. पहाटेचं स्नान हा त्यांचा साठ वर्षांचा नेम आहे. थंडी असो, पूर असो, त्यात खाडा नाही. आता पंचगंगेच्या पायऱ्या अशा उभ्या आहेत की धडधाकट माणूससुद्धा दिवसाउजेडी जपून पाय टाकतो. भाद्रपदात एका पहाटे अण्णांना तिथे चक्कर आली आणि ते मधल्याच पायरीवर बसून राहिले. ओळखीच्या नावाड्याने धरून घरी आणून सोडलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं की बाकी काही नाही, माणूस झोपत नाहीये. असंच चाललं तर एक दिवस तिथेच पडतील. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. अण्णांनी गोळ्यांचं पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, डॉक्टरांना नमस्कार केला आणि घरी आल्यावर ते देव्हाऱ्यामागे ठेवून दिलं. ते अजून तिथेच आहे.

मला भीती वाटत होती, सरळच सांगतो. आई गेली तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेला माणूस गच्चीवर जाऊन पोरासारखा रडलो होतो. आता अण्णांना काही झालं तर, हा विचारसुद्धा मला सहन होत नव्हता. पहाटे दाराची कडी वाजली की अण्णा परत येईपर्यंत मी अंथरुणात कान लावून पडायचो. (हे खोटं आहे. दहाव्या मिनिटाला मला झोप लागायची. पण पहिली नऊ मिनिटं खरोखर काळजीत जायची.)

मी अण्णांना विचारलं, झोप का येत नाही. ते म्हणाले, वय झालं. सुनीताने विचारलं, तिलाही तेच सांगितलं. मुक्ताने विचारलं, तर तिला म्हणाले, तू अभ्यास कर.

मग आम्ही उपायांना लागलो. बनारसमध्ये उपाय शोधावे लागत नाहीत, ते आपण होऊन घरी येतात. पानवाल्याने एक सांगितला, नावाड्याने दुसरा, आणि आमच्या बँकेतल्या शिपायाने तर पाच सांगितले, त्यातले तीन एकमेकांच्या विरुद्ध होते. शेवटी सुनीताच्या आईचा नागपूरहून फोन आला. त्यांचं म्हणणं, या सगळ्याची काही गरज नाही, तळपायाला गाईचं तूप लावायचं आणि काशाच्या वाटीने घासायचं. तूप काळं झालं की अंगातली उष्णता निघाली आणि माणूस झोपला.

रात्री मी वाटी घेऊन अण्णांच्या खुर्चीपाशी बसलो. आधी ते नको नको म्हणाले, मग पाय पुढे केले. वडिलांचे पाय एवढ्या जवळून मी कित्येक वर्षांत बघितले नव्हते. टाचांना खोल भेगा होत्या. वाटी फिरवत राहिलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, तूप चांगलं काळं झालं. त्यापुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं. मी जमिनीवर आडवा होतो, डोक्याखाली अण्णांची उशी, अंगावर अण्णांची शाल आणि हातात ती वाटी. अण्णा मला ओलांडून गंगेवर जाऊन आले होते आणि पूजेला बसले होते. माझी झोपमोड होईल म्हणून त्यांनी हातातली वाटीसुद्धा काढली नव्हती.

नंतर सुनीताने ब्राह्मीचं तेल आणलं आणि आठवडाभर अण्णांच्या टाळूवर थापलं. त्यामुळे खुर्चीची पाठ हिरवी झाली. मग मुक्ताने मोबाइलवर समुद्राच्या लाटांचा आवाज लावून त्यांच्या कानाशी ठेवला. अण्णांनी तो पाच मिनिटं ऐकला आणि नळ बंद करायला स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांना समोर उभं केलं.

"मी आजारी नाही," ते म्हणाले. "यापुढे माझ्या अंगाला कोणी काही लावायचं नाही, आणि मला काही पाजायचं नाही."

लावायचं नाही आणि पाजायचं नाही. खायला घालायचं नाही, असं ते म्हणाले नव्हते. बँकेत तीस वर्षं अर्ज वाचून मला एवढं नक्की येतं.

मी चौकाजवळच्या म्हाताऱ्या वैद्यजींकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "सोते नहीं, कि नींद नहीं आती?"

मी म्हटलं, वैद्यजी, एकच झालं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मरीज़ को साथ लाते तो अच्छा था, म्हणाले, आणि एक मोठी पुडी बांधून दिली. जटामांसी, तगर आणि आणखी काय काय. चिमूटभर, रात्री, मधातून. चिमूटभर हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

घरी येऊन पुडी उघडली तर आठवडाभर पावसात भिजलेल्या मोज्यांचा वास आला. हे चूर्ण मधात घालून अण्णांना देणं शक्यच नव्हतं. तो वास झाकायला वेलदोडा, केशर आणि भरपूर जायफळ घातलेली खीरच हवी, असं मी ठरवलं. (जायफळानेही झोप येते, म्हणजे एका दगडात दोन पक्षी असा माझा हिशेब.) जायफळ मी देवाच्या सहाणेवर उगाळलं, कारण स्वयंपाकघरात दुसरी सहाण नव्हती. त्यावर अण्णांनी चंदन उगाळलं असणार. त्या महिन्यात आमच्या देवांच्या कपाळी जायफळाचं गंध होतं आणि समोरच्या औषधी खिरीपेक्षा ते बरं, असं त्यांना वाटलं असेल.

आता ही खीर अण्णांच्याच पोटात जायची कशी, याची मला चिंता नव्हती. आमच्याकडे सकाळी साडेआठला नैवेद्य असतो. घरातून माणूस कामाला बाहेर पडण्याआधी त्याच्या हातावर प्रसाद पडला पाहिजे, हा अण्णांचा नियम. देवापुढे एका चांदीच्या वाटीत खीर ठेवतात, आणि ती चांदीची वाटी अण्णांची. हे मी जन्मापासून बघत आलो होतो. दुसऱ्या कोणाला आई त्या वाटीला हात लावू देत नसे. म्हणजे पातेल्यात साधी खीर आणि चांदीच्या वाटीत औषधाची. सोपं काम.

सुनीताला हे पटलं नाही. देवाच्या नैवेद्यात औषध घालायचं, आणि तेही लपवून, हे काही बरं नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. शिवाय वैद्यजींनी रात्री घ्यायला सांगितलं आहे. मी तिला समजावलं की सकाळी घेतलेलं रात्रीपर्यंत अंगात मुरतं. हे मला कोणी सांगितलं, असं तिने विचारलं. मी पेपर वाचायला घेतला.

पहिल्या दिवशी चिमूटभर घातलं. अण्णा रात्रभर खुर्चीत. तिसऱ्या दिवशी दोन चिमटी. अण्णा खुर्चीत. आठवड्याने पाव चमचा, मग अर्धा. अण्णा खुर्चीत बसून गंगेकडे बघतायत आणि पहाटे साडेतीनला कडी वाजतेय! माणसाची प्रकृती किती चिवट असू शकते, याचं मला आश्चर्य वाटायला लागलं.

दरम्यान घरात किरकोळ गोष्टी घडत होत्या. सुनीता दुपारी भाजी निवडता निवडता भिंतीला टेकली आणि गॅसवरच्या डाळीचा कोळसा झाला. मुक्ता कॉलेजातून रडवेली होऊन आली. "बाबा, मला ना लॅबमध्ये अशी झपकी आली, मॅमने सबके सामने उठाया!" दारात रोज अण्णांच्या हातून घास खाणारी गाय आमच्या गल्लीत आडवी झाली ती उठेचना. बनारसच्या गल्लीत गाय आडवी झाली म्हणजे रस्ता संपला. दोन्हीकडे माणसं, सायकली, मोटारसायकली आणि एक दूधवाला तास-दीड तास अडकून पडले, आणि गाय मधोमध मान टाकून संथ श्वास घेत होती.

आणि मी बँकेत झोपलो. दुपारी तीन वाजता, खिडकीवर, समोर रांग असताना. पहिल्या बाईंनी म्हणे तीनदा भैयाजी, भैयाजी केलं आणि चौथ्यांदा शिपायाला हाक मारली. नुकत्याच शिक्का मारलेल्या अर्जावर माझा गाल टेकला होता, त्यामुळे 'प्राप्त' हा शब्द जांभळ्या शाईत, उलटा, माझ्या गालावर उमटला. मी तसाच घरी आलो. अण्णांनी मला पाहिलं. पंच्याचं टोक पाण्यात भिजवून त्यांनी माझा गाल पुसला, लहानपणी पुसायचे तसा, हनुवटी धरून.

या सगळ्यावर माझ्याकडे उत्तरं होती. सुनीताला थकवा, मुक्ताला मोबाइल, मला पित्त आणि गाईचं वय झालेलं. एवढी चार उत्तरं शोधायला जी बुद्धी लागली ती एकाच प्रश्नाला लावली असती, तर पुढचं टळलं असतं.

कार्तिक उजाडला. कार्तिकात आमच्याकडे आवळी भोजन असतं, म्हणजे आवळ्याच्या झाडाखाली पूजा करून तिथेच सगळ्यांनी जेवायचं. आई असताना हा तिचा आवडता दिवस. यंदा करायचं की नाही, मी घाबरत घाबरतच विचारलं. अण्णांनी थोडा विचार केला आणि करू या म्हणाले. सात महिन्यांत पहिल्यांदा ते कशाला तरी हो म्हणाले होते. मला इतका आनंद झाला की मी वैद्यजींची उरलेली अख्खी पुडी बरोबर घेतली. दिवसभर मोकळी हवा, पोटभर जेवण आणि वर औषध. आज काय वाट्टेल ते होवो, अण्णा झोपणार.

रामनगरच्या बाजूला अण्णांच्या एका स्नेह्यांची बाग आहे. तीन टोटो करून आम्ही निघालो. आम्ही चौघं, अण्णांचे तीन जुने भटजी मित्र आणि त्यांच्या बायका, शेजारचं चौघांचं कुटुंब, अशी चौदा माणसं. (टोटो म्हणजे आमच्याकडची बॅटरीवर चालणारी रिक्षा. तीत चार माणसं बसतात असं कागदावर आहे.) बागेत पोचल्यावर बायकांनी आवळ्याखाली झाडून रांगोळी घातली. पातेलंभर खीर, पुरणपोळ्या, वांग्याचं भरीत, सगळं मांडलं. सुनीताची पाठ वळल्यावर मी चांदीच्या वाटीत उरलेली पुडी रिकामी केली, चांगलं ढवळलं, वर केशराच्या काड्या टाकल्या आणि विहिरीवर पाणी आणायला गेलो. परत आलो तोवर नैवेद्य दाखवून झाला होता आणि अण्णा स्वतः सगळ्यांना खीर वाढत होते. मला त्यांनी दोनदा वाढली. खिरीला जरा वेगळाच वास येतोय, असं मला वाटलं, पण मोकळ्या हवेत तसं होत असेल, असं म्हणून मी वाटी चाटूनपुसून खाल्ली.

आधी अण्णांचे थोरले मित्र गेले. म्हणजे झोपले. ते पेशव्यांच्या एका घाटाची गोष्ट सांगत होते, ती पायऱ्यांपर्यंत आली आणि थांबली. त्यांना हसता हसता दुसरे कलंडले. एका काकूंनी पानाचा डबा उघडला आणि तो मांडीवर उघडाच राहिला. शेजारच्यांची दोन मुलं पकडापकडी खेळत होती, ती एकमेकांना न पकडताच गवतावर पसरली. जेवणावर सुस्ती येतेच, त्यात काय, असं सुनीताला सांगायला मी वळलो. ती झोपली होती. तेवढ्यात मला जमीन फार मऊ वाटायला लागली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. माझ्या अवतीभवती बारा माणसं अस्ताव्यस्त पडली होती. त्यांच्या मधोमध एका पालथ्या बादलीवर अण्णा बसले होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पत्रावळ. पत्रावळीने ते मुक्ताच्या तोंडावरच्या माश्या वारत होते. कुंपणाच्या भिंतीवर वानरं ओळीने बसून वाट बघत होती आणि एखादं खाली उतरलं की अण्णा काठी आपटायचे. एक वानर मात्र खिरीच्या पातेल्याशेजारी डाव मिठीत घेऊन पडलं होतं. त्याला त्यांनी हाकललं नव्हतं.

"झाली झोप?" अण्णांनी विचारलं.

मी उठून बसलो. डोकं जड होतं, पण हळूहळू एक एक गोष्ट ध्यानात यायला लागली, आणि जसजशी आली तसतसं मला परत आडवं व्हावंसं वाटायला लागलं. मी विचारलं, अण्णा, तुम्ही खीर नाही खाल्लीत?

"मी गोड सोडलंय. तुझी आई गेली त्या दिवसापासून. वर्षभर."

मला माहीत नव्हतं. सात महिने एका घरात राहून, रोज त्यांच्यासमोर बसून जेवून मला हे माहीत नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली. तरी मी विचारलंच, मग ती चांदीची वाटी?

"नैवेद्याची वाटी परत पातेल्यात मिसळायची असते. म्हणजे पातेल्यातलं सगळं प्रसाद होतं. सहा पिढ्या मिसळतायत. मिसळून झालं की तुझी आई तीच वाटी पुन्हा भरून मला द्यायची, तेवढं तू बघितलंस. आधीचं बघायला तू जागेवर कुठे असतोस? साडेआठला तू बूट शोधत असतोस."

म्हणजे महिनाभर मी जे जे त्या वाटीत घातलं, ते आम्ही तिघांनी आणि गाईने खाल्लं होतं. मी हळूच विचारलं, तुम्हाला कळलं होतं?

"सहाणेला जायफळाचा वास येत होता. मला वाटलं, तुझी आई गेल्यापासून तुम्हाला कोणालाच झोप लागत नसेल, म्हणून करत असशील. म्हणून मी तुम्हाला जरा जास्तच वाढत होतो."

मी म्हटलं, "अण्णा, ते तुमच्यासाठी होतं. तुम्हाला झोप येत नाही म्हणून."

अण्णांनी खाली उतरू पाहणाऱ्या एका वानरासमोर काठी आपटली.

"झोप येते रे," ते म्हणाले. "खूप येते. मीच झोपत नाही. झोपलो आणि जाग नाही आली, तर? बावन्न वर्षं तुझ्या आईने मला उठवलं. साडेतीनला दारात उभी राहायची आणि म्हणायची, अहो, वेळ झाली. ती कशी उठायची, ते मी कधी विचारलं नाही."

मी म्हटलं, गजर लावायचा.

"लावला होता. वाजतो की नाही ते बघत रात्रभर जागा राहिलो."

"मग मला सांगायचं होतंत."

"तुला?" अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही, कौतुकाने नाही, नुसतं बघितलं. "दत्ता, तुझ्या लग्नाच्या दिवशी तुला हळद लावली तेव्हासुद्धा तू झोपेत होतास. तुलाही तीच उठवायची. या घरात सगळ्यांना तीच उठवायची."

ते खरं होतं, आणि आई किती मोठं काम करून गेली ते मला त्या क्षणी कळलं. सात महिने हा म्हातारा माणूस एका स्नानासाठी रात्रभर एकटा पहारा देत बसला होता, आणि आम्ही त्याच्या टाळूवर तेल थापत होतो. मी त्यांच्या बादलीपाशी सरकून बसलो आणि म्हणालो, "अण्णा, उद्यापासून मी उठवीन तुम्हाला."

"बरं," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, जरा संकोचून, त्यांनी विचारलं, "टोटो यायला तासभर आहे. तोवर वानरांकडे बघशील?"

त्यांनी काठी माझ्या हातात दिली, पंच्याची गुंडाळी डोक्याखाली घेतली, आवळ्याच्या बुंध्याशी आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण डोळे पुसायला काठी खाली ठेवणं भाग होतं आणि भिंतीवर वानरं होती, म्हणून ते तसंच वाहू दिलं. एक एक जण जांभया देत उठायला लागला. प्रत्येकाला मी तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. सुनीताने मला पाहिलं, अण्णांना पाहिलं, रिकामी पुडी पाहिली, आणि घरी गेल्यावर बोलू अशा अर्थाने मान हलवली. टोटोवाले आले तेसुद्धा थांबले. बारा-तेरा माणसं कोंडाळं करून, श्वास रोखून एका झोपलेल्या म्हाताऱ्याकडे बघत उभी होती. तास पुरा झाल्यावर मी त्यांना उठवलं. घरी जाताना थोरले भटजी म्हणत होते, या बागेतली हवाच और आहे.

घरी सुनीता जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. शेवटी एवढंच म्हणाली की तिला उठवायला सांगितलं असतं तर तिनेही उठवलं असतं. मी म्हटलं, नाही, अण्णांना शब्द मी दिलाय.

त्या रात्री मी माझ्या मोबाइलवर गजर लावला, मुक्ताच्या मोबाइलवर लावला, आणि एक जुनं घड्याळ किल्ली देऊन परातीत ठेवलं, म्हणजे आवाज मोठा होईल. आठ वाजता जेवलो. नऊला आडवा झालो. अण्णाही नऊला झोपले आणि दहाला उठले नाहीत. अकरा वाजता पलीकडच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. बाराला येत होता. एक वाजतासुद्धा येत होता, हे मला माहीत आहे, कारण मी जागा होतो. गजर वाजेल की नाही याच्या काळजीने माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मग कोणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अंधार होता. परातीतलं घड्याळ वाजून वाजून दमलं होतं, दोन्ही मोबाइल कुठेतरी उशांखाली कण्हत होते, आणि अण्णा माझ्यावर वाकून उभे होते.

"दत्ता, ऊठ," ते हलक्या आवाजात म्हणाले. "वेळ झाली. मला उठवायचंय ना तुला?"

आणि ते आपल्या खोलीत गेले, पलंगावर आडवे झाले, गळ्यापर्यंत पांघरूण ओढून त्यांनी डोळे मिटले. मी धडपडत त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. मग म्हणालो, "अण्णा, उठा. वेळ झाली." अण्णांनी डोळे उघडले, हसले, आणि पंचा खांद्यावर टाकून निघाले. त्यांचा हात धरून त्या पायऱ्या मीही उतरलो.

याला आता वर्ष होत आलं. अण्णा रोज सहा तास झोपतात, आणि मी त्यांना रोज पहाटे साडेतीनला उठवतो. त्यात एका दिवसाचाही खाडा नाही. फक्त सव्वातीनला ते मला उठवायला विसरत नाहीत, म्हणून जमतं.